आयफोन इकडे, अँड्रॉइड तिकडे: मेसेजसाठी कुठली वाट धरावी?

सगळ्यांकडे एकाच जातीचे फोन असतील तर मेसेज कुठून पाठवायचा, हा प्रश्न पडतच नाही. तो पडतो मिश्र गोतावळ्यात. दोघांकडे आयफोन, चौघांकडे अँड्रॉइड, एकाकडे अजून बटणांचा फोन आणि एखादा परदेशात. अशांपुढे चार वाटा असतात: साधा एसएमएस आणि त्याच्याच घरातला, फोटो-व्हिडिओ नेणारा एमएमएस, ॲपलचं आयमेसेज, फोनच्या मूळ मेसेज ॲपमधलं आरसीएस, आणि व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम यांसारखी वेगळी उतरवून घ्यायची ॲप्स.

तुलना बहुतेक वेळा सोयींची होते. स्टिकर कुठे चांगले, निळ्या खुणा कुठे दिसतात वगैरे. माझ्या मते आधी बघायचं ते वेगळंच: मेसेज मोबाइल कंपनीच्या एसएमएस यंत्रणेतून जातोय की इंटरनेटवरून. बिल त्यावर ठरतं. गोम अशी की आयमेसेज आणि आरसीएसमध्ये एकाच खिडकीतून, एकाच माणसाला पाठवलेले दोन मेसेज दोन निराळ्या वाटांनी जाऊ शकतात, आणि फोन ते ओरडून सांगत नाही.

एसएमएस: पोहोचतो सगळीकडे, मोजतो आपल्या पद्धतीने

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये व्होडाफोनच्या नेटवर्कवरून गेला. मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’. एका मेसेजचं माप आजही तेच आहे, १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला फक्त ७० येतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘संध्याकाळी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, यंत्रणेच्या लेखी तो दहा चिन्हांचा असतो.

मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात. तुकडे परत जोडण्याची माहितीही त्याच जागेत बसवावी लागते, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हंच उरतात. २०० चिन्हांचा मराठी निरोप म्हणजे तीन एसएमएस. तेवढ्याच लांबीचा रोमन लिपीतला दोनांत जातो. रोमनमध्ये लिहिणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. १५० अक्षरांच्या मेसेजला शेवटी एक हसरा चेहरा चिकटवला की सगळा मजकूर सोळा बिटांच्या हिशेबात जातो आणि एकाचे तीन होतात. प्लॅनमध्ये एसएमएस भरपूर असतील तर हे कळतही नाही. सुटे पैसे कापले जात असतील किंवा नंबर परदेशातला असेल, तर भुर्दंड इथेच बसतो. पॅकमधले एसएमएस बहुधा देशातल्या देशात चालतात. बाहेरच्या नंबराला वेगळा दर लागतो.

तरीही एसएमएसला मोडीत काढता येत नाही. त्याला इंटरनेट लागत नाही, स्मार्टफोन लागत नाही, समोरच्याने काही उतरवून घ्यावं लागत नाही. फोन बंद असेल तर मेसेज कंपनीच्या केंद्रात काही काळ थांबून राहतो. बँकेचे ओटीपी अजून याच वाटेने येतात ते उगाच नाही.

गुप्ततेत मात्र तो सगळ्यांत मागे. मजकूर मोबाइल कंपनीला वाचता येतो. अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेच महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली, म्हणजे मजकूर पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाही वाचता येणार नाही अशी, ॲप्स वापरायला सांगितलं.

एमएमएसबद्दल थोडक्यात: फोटो धुरकट, व्हिडिओ त्याहून वाईट, आणि पैसे बहुतेक ठिकाणी एसएमएसपेक्षा जास्त. दुसरा इलाज नसेल तरच.

आयमेसेज: ॲपलच्या अंगणापुरतं

ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर आलेलं आयमेसेज आयफोन ते आयफोन वापरायला झकास आहे. मूळ दर्जाचे फोटो, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, वेगळं ॲप नको, वेगळं खातं नको. पण अँड्रॉइडवर ते नाही. युरोपात मोठ्या मेसेजिंग सेवांना इतरांशी जोडून घ्यायला लावणारा कायदा आला, तेव्हा ते खुलं होईल अशी काहींना आशा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने आयमेसेजला त्या यादीबाहेर ठेवलं. तेव्हा मिश्र ग्रुपने याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

खर्चाच्या बाजूने दोन चोरवाटा आहेत. सेवा चालू होताना फोन पडताळणीसाठी गुपचूप एक एसएमएस पाठवतो, आणि कंपनी त्याचे पैसे लावू शकते. ते एकवेळ सोडून देऊ. दुसरी जास्त महत्त्वाची: सेटिंगमध्ये ‘सेंड ॲज टेक्स्ट मेसेज’ चालू असेल आणि आयमेसेज उपलब्ध नसेल, तर तोच मजकूर एसएमएस म्हणून रवाना होतो. समोरची व्यक्ती परदेशात असेल तर गप्पांच्या मध्येच दोन-चार मेसेज आंतरराष्ट्रीय दराने निघून गेलेले असतात.

आरसीएस: दुवा झाला, पण अर्धा

आरसीएस हे एसएमएसच्या जागी आणायचं म्हणून मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, जीएसएमएने, पुढे केलेलं मानक. वर्षानुवर्षं ते कागदावर रेंगाळलं. २०१९ नंतर गूगलने आपल्या मेसेजेस ॲपमधून ते स्वतःच चालवायला घेतलं तेव्हा जरा हललं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आयफोनवरही आलं. त्यामुळे आता आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यामध्ये, काहीही उतरवून न घेता, चांगले फोटो जातात, समोरचा टाइप करतोय हे दिसतं, मेसेज वाचल्याची खूण येते आणि ग्रुपही धड चालतात. वाहतूक इंटरनेटवरून होते, म्हणून एरवी मेसेज डेटातच धरला जातो. १६० आणि ७० चा जाच संपला.

मग अर्धा का? एक तर आयफोनवर तो तुमच्या मोबाइल कंपनीने पाठिंबा दिला असेल तरच चालतो. दुसरं, गुप्तता. अँड्रॉइडवर गूगलच्या ॲपमधून दोघांतल्या गप्पांना २०२१ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, पण आयफोनवर आरसीएस आलं ते या संरक्षणाविना. दोन्हींना जोडणाऱ्या एन्क्रिप्शनचा समावेश जीएसएमएने मार्च २०२५ मध्ये मानकात केला आणि पुढे एखाद्या अद्ययावत आवृत्तीत ते आणू, असं ॲपलने सांगितलं. तुमच्या संभाषणात कुलपाची खूण दिसत नसेल तर ते बंद पाकीट नाही, पोस्टकार्ड आहे असं धरून लिहा.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नका. आयफोनवर मेसेजभोवती हिरवा फुगा म्हणजे पैसे कापले, असा पक्का समज आहे. आरसीएसचा फुगाही हिरवाच असतो. खरं उत्तर मेसेज लिहायच्या चौकटीत फिक्या अक्षरांत असतं: तिथे आरसीएस लिहिलंय की एसएमएस, ते पाठवण्याआधी वाचायचं. अँड्रॉइडवरही तसंच. शिवाय गूगलच्या ॲपमध्ये, आरसीएस मेसेज गेला नाही तर तो आपोआप एसएमएस म्हणून पुन्हा पाठवण्याची सोय आहे. सुट्या एसएमएसचे पैसे लागणाऱ्याने ती बंद ठेवलेली बरी. मेसेज थोडा उशिरा जाईल, एवढंच.

ॲप्स: फुकट, पण कुणाच्या जिवावर?

व्हॉट्सॲप, सिग्नल आणि टेलिग्राम यांच्यात एक गोष्ट समान आहे आणि मिश्र ग्रुपसाठी तीच मोलाची: फोन कुठलाही असो, देश कुठलाही असो, मेसेज इंटरनेटवरूनच जातो. नेट नसेल तर तो थांबतो, गुपचूप एसएमएस होत नाही. बिलात अचानक काही उगवत नाही. मजकुराला डेटा नगण्य लागतो. डेटा खातात ते आपोआप उतरणारे फोटो आणि व्हिडिओ. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग यांसाठी हे वेगवेगळं बंद करता येतं. रोमिंगवरचं तर आजच बंद करून टाका.

पैसे दुसरीकडून येतात. व्हॉट्सॲप पूर्वी वर्षाला एक डॉलर घेत असे. जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झालं. आता कंपन्या ग्राहकांना पाठवत असलेल्या मेसेजचे पैसे मोजतात, आणि जून २०२५ मध्ये अपडेट्सच्या भागात जाहिराती आणण्याची घोषणा झाली. टेलिग्राम जाहिराती आणि सशुल्क सदस्यत्वावर चालतं. सिग्नलमागे ना-नफा संस्था आहे आणि ती देणग्यांवर जगते.

गुप्ततेत तिघांना एका माळेत ओवू नका. सिग्नलवर सगळं एंड-टू-एंड, आणि कोण कुणाशी बोललं याची नोंदही शक्य तितकी कमी. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून मजकूर एंड-टू-एंड आहे, पण कोण कुणाशी आणि कधी बोलतं ही माहिती कंपनीकडे राहते, आणि क्लाउडमधल्या बॅकअपचं एन्क्रिप्शन आपण स्वतः चालू करावं लागतं. टेलिग्रामच्या नेहमीच्या गप्पा एंड-टू-एंड नाहीतच. त्यासाठी ‘सीक्रेट चॅट’ वेगळी सुरू करावी लागते, आणि ग्रुपला तीही सोय नाही. टेलिग्राम सुरक्षित म्हणून घेणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. मोठे ग्रुप, जड फायली यांसाठी ते उत्तम आहे, आणि नव्या फोनवर सगळ्या गप्पा आपोआप दिसतात. पण दिसतात त्या याचसाठी की त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात.

मग कुणी काय घ्यावं?

मिश्र ग्रुप, त्यात एकजण जरी परदेशात असेल तर ॲपच. कुठलं, हे गुणांपेक्षा माणसांवर ठरतं: जे बहुतेकांकडे आहे ते. नव्याने सुरुवात करणार असाल आणि मंडळी ऐकणारी असतील तर माझं मत सिग्नलला. ऐकणारी नसतील तर व्हॉट्सॲप घ्या, बॅकअपचं एन्क्रिप्शन चालू करा आणि वाद संपवा.

नवं ॲप नकोच म्हणणारा एखादा असतोच. त्याच्याशी आरसीएस, पण बँकेचे तपशील, वैद्यकीय कागद वगैरे त्यावरून धाडू नका. बटणांच्या फोनवाल्याला एसएमएस, आणि मराठीत लिहिताना सत्तरच्या आत. त्याला ग्रुपमध्ये ओढण्याचा खटाटोप टाळा: आरसीएस नसलेला एकजण आला की फोनच्या मूळ ॲपमधला अख्खा ग्रुप एमएमएसवर घसरतो.

घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तर आयमेसेज चालू द्या. पण पुढे कधी अँड्रॉइड घेतलात, तर जुन्या फोनमधून सिम काढण्याआधी आयमेसेज बंद करा. नाहीतर इतरांचे आयफोन तुमच्या नंबराला आयमेसेजच पाठवत राहतात आणि ते तुमच्या नव्या फोनवर येतच नाहीत. जुना फोन हातातून गेलाच असेल, तर नंबर आयमेसेजमधून काढण्यासाठी ॲपलने २०१४ मध्ये संकेतस्थळावर सोय केली. तिथे नंबर टाकला की एक कोड येतो, अर्थात एसएमएसने.