नागरिकशास्त्राचा तास की गावाचा अभ्यास?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी विद्यार्थ्यांना लोकशाही दोन मार्गांनी शिकवता येते. नागरिकशास्त्राच्या तासाला संविधानाची चौकट समजते. मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयीचे कलम ३५०-अ १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे राज्यपुनर्रचनेच्याच वर्षी आले, हे तिथेच कळायला हवे. दुसरा मार्ग संशोधनाचा: विद्यार्थ्यांनी ग्रामसभेला बसावे, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली पंचायतीच्या खर्चाचा तपशील मागावा आणि कन्नड कागदपत्रांतील आकडे दोन्ही भाषांत मांडून गावासमोर ठेवावेत. यात शिक्षकांवर भार पडतो, परीक्षेतील गुणही वाढत नाहीत (पालकांची कुरकूर ओघाने आलीच); तरीही सीमाप्रश्नावरील भाषणांत मागे पडणारा नळपाण्याचा आणि रस्त्याचा हिशेब याच मार्गाने चर्चेत येत असल्याने माझे झुकते माप त्यालाच आहे.