वर्डल की स्पेलिंग बी: रोज एकच खेळायचं असेल तर

इंग्रजी शब्दांचं एखादं रोजचं कोडं सोडवायची सवय लावून घ्यायची म्हटलं की सध्या दोन नावं पुढे येतात: वर्डल आणि स्पेलिंग बी. दोन्ही खेळ आज न्यूयॉर्क टाइम्सच्याच छत्राखाली आहेत आणि नियम बहुतेकांना माहीत आहेत, म्हणून तिथे फार वेळ घालवत नाही. वर्डलमध्ये पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा: अक्षर योग्य जागी असेल तर हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळं. स्पेलिंग बीमध्ये दिलेल्या सात अक्षरांतून जमतील तेवढे शब्द शोधायचे. मी दोन्ही खेळत आलो, पण रोजचा वेळ आता एकालाच देतो. खेळायचं ते शब्दसंग्रह वाढावा म्हणून, हा माझा हेतू. तुमचा हेतू वेगळा असेल तर पारडं दुसरीकडे झुकू शकतं.

वर्डलबद्दल मनात आदरच आहे. जोश वॉर्डल यांनी 2021 च्या ऑक्टोबरात तो सगळ्यांसाठी खुला केला, पण त्याचा खरा गोडवा त्यांच्या जोडीदार पलक शाह यांच्या कामात आहे. पाच अक्षरी इंग्रजी शब्द बारा हजारांच्या घरात भरतात. ते एकेक बघून त्यांनी ओळखीचे तेवढे ठेवले आणि सुमारे 2,300 शब्दांची उत्तरांची यादी झाली. म्हणून उत्तर कळल्यावर ‘हा कसला शब्द?’ असं सहसा होत नाही. नवं कोडं आपल्याच घड्याळातल्या मध्यरात्री येतं, सोडवायला पाच-दहा मिनिटं पुरतात आणि त्या तारखेला सगळ्यांना एकच शब्द असतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिरवे-पिवळे चौकोन टाकायची मजा त्यातूनच येते.

अमेरिकन स्पेलिंगचा त्रास होतो, पण क्वचित. 2022 च्या फेब्रुवारीत यू नसलेला ‘ह्यूमर’ उत्तर म्हणून आला तेव्हा ब्रिटनमध्ये बरीच कुरकुर झाली. आपण शाळेत यू घालूनच शिकलो, त्यामुळे ती मला अगदी पटली. तरी एवढ्यासाठी खेळ सोडावा असं काही ते नाही.

माझं मन उडालं ते शेवटच्या चार अक्षरांवरून. समजा दुसऱ्याच प्रयत्नात तुम्ही ‘नाईट’ टाकला आणि आय, जी, एच, टी ही चारही अक्षरं हिरवी झाली. आनंद व्हायला हवा, पण खरी अडचण इथेच सुरू होते. फाईट, लाईट, माईट, राईट, साईट, टाईट आणि उच्चाराने वेगळा असला तरी अक्षरांनी याच घरातला आकडा ‘एट’, असे सात शब्द उरतात. हातात प्रयत्न चार. या सातही शब्दांचे अर्थ, उपयोग, स्पेलिंग तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे, पण त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

हार्ड मोडमध्ये तर हिरवी अक्षरं जागच्या जागी ठेवावीच लागतात, म्हणजे सातातले चार टाकायचे आणि बाकीचं नशिबावर सोडायचं. साध्या मोडमध्ये सुटका आहे. ‘फिल्म्स’ टाका, म्हणजे एफ, एल, एम, एस ही चार अक्षरं एकाच फटक्यात तपासली जातात. त्यातलं एखादं लागलं तर उत्तर मिळालं. एकही नाही लागलं तर ‘एट’, ‘राईट’, ‘टाईट’ हे तीन उरतात आणि प्रयत्नही तीनच. युक्ती पक्की आहे. पण जिंकण्यासाठी आपल्यालाच ठाऊक असलेलं चुकीचं उत्तर टाकायचं, हे मला सहन होईना. शब्द आठवण्याचं काम संपलं, उरली ती पहिल्या अक्षराची बेरीज-वजाबाकी. ‘कॅच, मॅच, पॅच, वॉच’ आणि ‘फाउंड, राउंड, साउंड, पाउंड’ या घराण्यांतही हेच होतं. दोष खेळ घडवणाऱ्यांचा नव्हे. लांबी पाचवर बांधून घातली की इंग्रजीत हे होणारच.

स्पेलिंग बीमध्ये अक्षरं ठरलेली असतात, लांबी मोकळी. सात अक्षरं, मधलं सक्तीचं, शब्द किमान चार अक्षरी, आणि एकच अक्षर कितीदाही वापरा. आता ए, सी, आय, एल, एन, ओ, टी घ्या. सातही अक्षरं वापरणारा ‘लोकेशन’ बहुतेकांना लवकर दिसतो. मग आपलं राजकारण मदतीला येतं आणि ‘कोअॅलिशन’ सापडतो. अर्थसंकल्पाच्या बातम्या वाचणाऱ्याला ‘ॲलोकेशन’ सुचेल, छपाईच्या कामाशी संबंध आलेल्याला ‘कोलेशन’. आणि कामगार कायद्याची थोडी ओळख असेल तर ‘कन्सिलिएशन’: बारा अक्षरी, म्हणजे बारा गुण आणि सातही अक्षरं वापरल्याचे वरचे सात. त्याच सात अक्षरांतून पाच शब्द! प्रत्येकासाठी डोक्यातला वेगळा कप्पा उघडावा लागतो. माझ्या अनुभवात असा शोधून काढलेला शब्द पुढे लिहिताना आपणहून हाताशी येतो. वर्डलमुळे असं झाल्याचं मला आठवत नाही.

दुखणी इथेही आहेत. रोजची शब्दयादी संपादक ठरवतात, त्यामुळे शब्दकोशात ठळक छापलेला शब्दही नाकारला जातो आणि कारण कळत नाही. काही गुणांपर्यंतच खेळ फुकट, पुढे वर्गणी. वर्डलचं रोजचं कोडं मात्र फुकट आहे. शिवाय नवं कोडं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पहाटे तीनला येतं, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडला. नोकरी करणाऱ्यांच्या हातात ते संध्याकाळीच पडतं. आणि ते पाच मिनिटांत संपत नाही, डोक्यात रेंगाळत राहतं. मला ते आवडतं, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल आणि त्याच्याबरोबर खेळायचं असेल, तर सुरुवात वर्डलनेच करावी असं मी म्हणेन. अक्षरांच्या जागा आणि इंग्रजीतल्या जोड्या त्याने छान पक्क्या होतात. मोठ्यांनी मात्र, जमत असेल तर, स्पेलिंग बीला महिनाभर द्यावा. वर्गणी नको असेल तर कागदावरही चालतं: सात अक्षरं लिहा, मधल्याभोवती गोल करा आणि घरातला शब्दकोश पंच माना. संपादकाच्या मर्जीचा प्रश्नही सुटतो. एस घेऊ नका, नाहीतर अनेकवचनांनीच पान भरेल. पहिल्या दिवशी वरचीच अक्षरं घेणार असाल तर मध्ये एल ठेवा. एन ठेवलंत तर ‘नेशन’, ‘ॲक्शन’, ‘नोशन’ असे सोपे शब्द भराभर सापडतात आणि शोधायला फारसं काही उरत नाही.