एक किलो श्रीखंडाचा रिकामा डबा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर गेकोसाठी, म्हणजे घरी पाळलेल्या पालीसाठी, तीन वस्तू वापरात आल्या. काट्याचा गोल आर्द्रतामापक, कात सुटण्यासाठीचा स्प्रे आणि श्रीखंडाचा रिकामा डबा. पहिल्या दोन्हींना पैसे मोजले. कामाला आला तो डबा.

आमचा गेको आफ्रिकन फॅट-टेल्ड जातीचा. शेपूट भरताच्या वांग्यासारखी, म्हणून नाव वांग्या. आजी अजून विचारते, "पाल कोनी पाळस का रे?" मूळचा हा पश्चिम आफ्रिकेतला. तिथेही कोरडा हंगाम असतो, पण हा दिवसभर ओलसर बिळात पडून राहतो. जळगावात माझ्या टेबलावरच्या टाकीत बीळ कुठलं? गच्चीवरचे बिबडे ज्या हवेत बघता बघता कडकडीत वाळतात, त्याच हवेत बिचाऱ्याने कात टाकायची.

कात यायच्या आधी रंग दुधाळ होतो. मग एका रात्रीत कात काढून तो खाऊनही टाकतो, सकाळी काहीच सापडत नाही. फेब्रुवारीत मात्र बोटांवर पांढरी वळी राहिली. काटा 60 टक्के दाखवत होता, म्हणून मी निवांत. वाढीचं वय असल्याने पंधरा-वीस दिवसांत पुढची कात आली, जुन्या वळ्यावर नवं चढलं, दोरा आवळावा तसं बोट आवळलं गेलं. एका बोटाचं टोक काळं पडून गळालं. शेपूट तुटली तर पुन्हा येते, बोट येत नाही.

तेव्हा कुठे काटा तपासायची बुद्धी झाली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंबभर पाण्यात चिखलासारखं कालवायचं, मापकासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवायचं. आत 75 टक्के आर्द्रता होते. माझा काटा 60 वरून हललाच नाही! मीठ नसतं तर मी अजून त्याच्यावर विश्वास ठेवून बसलो असतो. आता वायर आत सोडता येणारा डिजिटल घेतलाय, तो 73 दाखवतो. चालतं तेवढं.

स्प्रेबद्दल काय लिहू? दहा मिनिटं ओलं राहतं, मग होतं तसं. साध्या पाण्यानेही तेच होतं.

इथले डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्र्यांचे, त्यांनी प्रामाणिकपणे हात जोडले. पुण्याच्या एका डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते असं: सुकी कात ओढायची नाही, खालची कातडी सोलून येते. बोटं बुडतील इतक्याच कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उभं करायचं आणि ओल्या कानकाडीने वळं हळूहळू लोळवत काढायचं. नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. डोळ्यावर अडकली असेल तर आपण हात लावायचा नाही. जीवनसत्त्व अ कमी पडलं तरी कात अडकते, त्यामुळे खाण्यावरची पूडही बदलली.

आता डबा. बाजूला तापलेल्या सुरीने दार पाडलं, कडा पॉलिश पेपरने घासल्या. आत नर्सरीतलं कोकोपीट, बिनखताचं बघून घेतलेलं. मुठीत पिळल्यावर पाणी टपकू नये, एवढंच ओलं. डबा हीटिंग मॅटच्या कडेला, म्हणजे आत ऊब आणि वाफ दोन्ही राहतात. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वांग्या आत, फक्त नाक बाहेर. मार्चपासून एकही कात अडकलेली नाही. दर आठवड्याला कोकोपीट बदलतो. एकदा आळस केला तर बुरशी धरली.

मे महिन्यात मला धडकी भरली होती, पण कूलरने उलट हवा ओलसर ठेवली. लाईट गेली की आकडा झरझर उतरायचा, डब्यातला मात्र फारसा हलत नव्हता. खरा कोरडा काळ आमच्याकडे कूलर लागण्याआधीचा, फेब्रुवारी-मार्चचा.

डब्याला पाच तारे, डिजिटलला चार, बाकी दोघांना काही नाही. अडचण एकच. आईने यंदापासून चक्का घरीच टांगायचं ठरवलंय आणि वांग्या वाढतोय. पुढचा दोन किलोचा डबा कुणाकडे पडून असेल तर सांगा.