काकांचा मस्कतचा ‘टेप’: आठ महिने वापरल्यानंतर

मॉडेल नंबर विचारू नका, मलाच माहीत नाही. पुढची कंपनीच्या नावाची पट्टी कधीच निघून पडली आणि मागचं लेबल इतकं घासलंय की ‘मेड इन जपान’ आणि ‘९ व्होल्ट’ एवढंच वाचता येतं. दोन स्पीकर, मध्ये कॅसेटचं दार, चार बँडचा रेडिओ, वर हँडल, पोटात सहा मोठे सेल. काकांनी १९८३ साली सुट्टीवर येताना मस्कतहून आणलेला. बाहेर लोक याला टू-इन-वन म्हणायचे, आमच्या घरात तो नुसता ‘टेप’.

गेल्या गणपतीत गुहागरच्या घरी पोटमाळ्यावरून तो उतरवला आणि डोंबिवलीला आणला. त्यानंतरचे पहिले तीन महिने तो माझ्या टेबलावर पोट फाडलेल्या अवस्थेत होता, पुढचे पाच महिने रोज वाजतोय. हा अनुभव दोन्हींचा आहे. तुमच्याकडेही असा टेप माळ्यावर पडला असेल आणि ‘बेल्ट टाकला की वाजेल’ असं कुणी सांगितलं असेल, तर थोडं थांबून वाचा.

प्लग लावण्याआधी मागचा व्होल्टेजचा खटका बघा. माझ्याकडे ११० आणि २२० असे दोन पर्याय होते आणि खटका नेमका मध्येच कुठेतरी अडकला होता. तो २२० वर नीट बसवल्यावरच वीज दिली. डायलचा दिवा लागला, दोन्ही स्पीकरमधून घूं असा आवाज आला, रेडिओवर खरखर आली. कॅसेट घालून प्ले दाबलं तर मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण चाकं हलत नाहीत. याचा अर्थ बेल्ट, म्हणजे मोटरची फिरकी चाकांपर्यंत नेणारा रबरी पट्टा. इथपर्यंत कुणीही सांगेल.

उघडल्यावर कळलं की बेल्ट तुटलेला नाही, वितळलाय. फ्लायव्हीलच्या, म्हणजे बेल्टने फिरणाऱ्या जड चाकाच्या, कडेला काळं डांबर. बोटाला लागलं की बोटावरून नाकाला, नाकावरून बनियनला, आणि बनियनवरून ते कधीच जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि दोन तास, एवढं निव्वळ पुसायला लागलं. मोटरच्या छोट्या पुलीच्या खाचेत राहिलेला कण सोडू नका. तिथे तो कण राहिला की प्रत्येक फेरीला सूर डुगडुगतो. माप घ्यायला बेल्टच्या वाटेवरून दोरा गुंडाळला, लांबी मोजली आणि पाचेक टक्के कमी केली. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात वेगवेगळ्या मापांच्या बेल्टची मिश्र पुडी मिळाली, त्यातले दोन बसले. पैसे वाचवायला केसांचं रबर लावून बघणाऱ्यांनो, मीही लावलं होतं. भजन ऐकताना बोट लागते.

नवा बेल्ट लागला आणि खरं काम तिथून सुरू झालं.

पहिली गोष्ट वेग. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायला हवी. एका मित्राकडे चांगला डेक आहे, त्याच्याकडून ३००० हर्ट्झचा सूर कॅसेटवर भरून आणला आणि मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने मोजला. माझ्याकडे तो २८७० भरला. म्हणजे पेटीवरच्या काळी दोनमधला गायक जवळजवळ पांढरी दोनवर उतरलेला. मोटरच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यातून लहान स्क्रूड्रायव्हर घालून आतला स्क्रू केसभर फिरवायचा. केसभर म्हणजे खरोखर केसभर. पहिल्याच झटक्याला मी ३४०० वर पोचलो होतो.

दुसरी गोष्ट, टेप कॅसेट खायला लागला. यासाठी बळीचा बकरा म्हणून एक नको असलेली कॅसेट आधीच बाजूला ठेवली होती, म्हणून वाचलो. कॅपस्टन (फीत ओढणारा बारीक दांडा) आणि पिंच रोलर (फितीला त्याच्यावर दाबणारं रबरी चाक) फीत पुढे ढकलत होते, पण उजवं चाक ती गुंडाळत नव्हतं, त्यामुळे फितीची शेवई बाहेर. त्या चाकाला फिरवणाऱ्या छोट्या रबरी टायरचं रबर दगडासारखं कडक झालेलं. बारीक पॉलिश पेपरने त्याची चकाकी घालवली आणि अल्कोहोलने पुसलं. आठवडाभर चाललं, मग पुन्हा घसरायला लागलं. शेवटी त्याच जाडीची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, बसवली, ती आजतागायत टिकून आहे. रिवाइंड मात्र अजून अशक्तच आहे, नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या शेवटाला दमतं. तिथे पेन्सिल.

तिसऱ्या दुखण्याने मात्र माझे पैसे आणि झोप दोन्ही घेतले. डावा स्पीकर मधूनच गप्प व्हायचा. कधी टेबलाला धक्का लागला की बोलायचा, कधी नुसताच कुजबुजायचा. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने न उघडता ‘हेड गेलंय’ (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) म्हणून नऊशे रुपये सांगितले. मी देणारही होतो. घरी येऊन सहज रेडिओ लावला, तर दोन्ही स्पीकर ठणठणीत. म्हणजे स्पीकर चांगले, ॲम्प्लिफायर चांगला. बिघाड हेडपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या वाटेतच कुठेतरी. त्या वाटेत हेडखेरीज आणखी एक गोष्ट असते, जिचा विचार फार थोडे लोक करतात: रेकॉर्ड आणि प्ले यांच्यात बदल करणारा तो लांबलचक सरकता स्विच. सर्किट बोर्डावर वीतभर नाही, पण बोटभर तरी लांब, आणि आत चांदीच्या मुलाम्याचे डझनभर स्पर्शबिंदू, चाळीस वर्षं काळे पडत बसलेले.

उपाय सोपा आहे. स्विचच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि रेकॉर्डचं बटण पंचवीस-तीस वेळा दाबायचं-सोडायचं. (कुलपाला मारायचा तेलकट स्प्रे चालत नाही, तो धूळ धरून बसतो.) गंमत अशी की कॅसेट नसताना रेकॉर्डचं बटण दबतच नाही. कॅसेटच्या कप्प्यात मागच्या कोपऱ्यात एक लहानशी पट्टी असते, कॅसेटचा टॅब तोडलाय की नाही (तोडला की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही) हे चाचपणारी. ती बोटाने मागे ढकलून धरली की बटण खाली जातं. हे कळायला मला एक अख्खा रविवार लागला. त्या संध्याकाळपासून आजवर डावा स्पीकर एकदाही रुसलेला नाही. नऊशे रुपये वाचले. त्यातले साडेतीनशे स्प्रेच्या डब्यात गेले.

घूं आवाजाचं निदान मात्र पाच मिनिटांत झालं. सेल टाकून लावला तर आवाज नाही, प्लगवर लावला की आहे. म्हणजे पॉवर सप्लायचा, विजेतली थरथर गाळणारा फिल्टर कपॅसिटर. २२०० मायक्रोफॅरॅडचा, १६ व्होल्टचा होता, २५ चा बसवला. दोन टाके सोल्डरचे.

आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो, ते.

वाजायला लागला, वेग बरोबर आला, तरी विकतच्या कॅसेट जरा मंद वाटत होत्या. टाळांची किणकिण नाही, स स्पष्ट नाही. हेड साफ केलं, तरी तेच. मग हेडचा कोन. हेडमधली फट फितीला बरोबर काटकोनात असावी लागते, नाहीतर वरचे सूर गळून पडतात. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला स्क्रू असतो, आणि बहुतेक टेपमध्ये दारातल्या एका भोकातून तो कॅसेट चालू असतानाच फिरवता येतो. पाव फेरी फिरवली आणि पडदा बाजूला सरल्यासारखा आवाज उघडला. खूश होऊन स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकला, हलू नये म्हणून.

काकांच्या कॅसेट त्यानंतर लावल्या. त्या काळी गावाकडून आखातात फोन करणं परवडायचं नाही आणि आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्रं कॅसेटवर जायची. कुणी मस्कतला निघालं की त्याच्या सामानात एक कॅसेट. इकडून गेलेल्या नऊ काकांनी परत येताना जपून आणल्या, तिकडून आलेल्या पाच घरीच होत्या. पहिली लावली. आधी बाबांचा आवाज, ‘झाला काय सुरू? लाल दिवा लागला ना?’, मग मागे कोंबडी, मग आजी. पण सगळं गोधडीआडून बोलल्यासारखं. फीत खराब झाली असेल असं धरून मी चार दिवस गप्प बसलो.

नंतर डोक्यात उजेड पडला. या कॅसेट याच टेपवर भरल्या होत्या, आणि तेव्हाही याचं हेड वाकडंच होतं. फितीवर उमटलेला आवाजही त्याच वाकड्या कोनात उमटला. मी मशीन सरळ केलं आणि माझ्याच घरच्या कॅसेट त्याला कळेनाशा झाल्या. नेलपॉलिश खरवडलं, स्क्रू पाव फेरी मागे नेला आणि आजी गोधडीबाहेर आली. हापूसच्या पेटीचा भाव, कुणाची गाय व्यायली, आणि ‘तिथं जेवतोस ना वेळेवर’. मस्कतहून आलेल्या कॅसेटना आणखी तिसराच कोन लागतो, कारण त्या काकांच्या खोलीवरच्या वेगळ्या टेपवर भरलेल्या.

तेव्हा दुरुस्तीला बसण्याआधी एवढं करा: घरी भरलेल्या कॅसेट असतील तर हेडच्या स्क्रूला हात लावण्याआधी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मी सुदैवाने पाव फेरी मोजून फिरवली होती. नाहीतर कानानेच शोधत बसावं लागलं असतं.

रोजच्या वापराबद्दल थोडं. मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ऐकायची तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करावे लागतात, इतकी खरखर. एफएम छान. सेलवर चालवणं परवडत नाही, मी फक्त लोडशेडिंगच्या आठवणीने एकदा चालवला. आवाजाचे दिवे पाच आहेत, त्यातला चौथा मेलाय, तसाच ठेवलाय. दार उघडताना हळू उघडण्याऐवजी फाडकन उघडतं, घरातली मांजर अजून दचकते.

एका कॅसेटचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. बी बाजूला मधेच लाइट गेली आणि पुढचं सेलवर भरलं, सेल संपत आलेले. सेल उतरत गेले तशी भरताना फीत हळू धावत गेली, त्यामुळे आता ती बरोबर वेगाने लावली की आजी बोलता बोलता लहान होत जाते आणि शेवटच्या दोन मिनिटांत चिमणीसारखी चिवचिवते. काकांना ऐकवलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कॉम्प्युटरवर तुकडे पाडून एकेका तुकड्याचा वेग उतरवत आणतोय, अर्ध्यावर आलोय. मस्कतच्या पाचपैकी दोन कॅसेटवर पांढरी बुरशी आहे, त्या आधी साफ केल्याशिवाय हेडजवळ नेणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत ते काम उरकायचंय, सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवल्यात.