नेट गेलं म्हणून सह्याद्री लावलं

गेल्या शनिवारी ऐरोलीत आमच्या गल्लीत कुणीतरी रस्ता खोदताना फायबर तोडली आणि दुपारपासून नेट गुल. नवरा महापेला शिफ्टला, लेकीचं तोंड एवढंसं झालेलं, आणि घरात सांगोल्याहून आलेले माझे सासरे, आप्पा, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून बसलेले. मग गॅलरीच्या ग्रिलवरची फ्री डिशची छत्री आठवली. दोन वर्षांपूर्वी आप्पांसाठीच बसवलेली, तेव्हा एकदाच दोनेक हजार गेले, नंतर महिन्याला एक रुपया नाही, पण आप्पा गावी गेले की तिच्यावर कबुतरंच बसतात. डबा लावला, मुंबई दूरदर्शनचं सह्याद्री आलं आणि रात्री साडेदहापर्यंत तेच चालू राहिलं.

सुरुवातीला शेतीचा फोन-इन. आप्पांच्या लेखी शेतीचा कुठलाही कार्यक्रम म्हणजे ‘आमची माती आमची माणसं’च, त्यामुळे नावावरून वाद घालायचा नाही. स्टुडिओत एक तज्ज्ञ, समोर ताट भरून डाळिंबं, आणि पहिल्याच कॉलरच्या घरी टीव्ही फुल आवाजात, त्यामुळे त्याचंच बोलणं त्याला परत ऐकू येतंय आणि तो मध्येच थांबून स्वतःचंच ऐकतोय. अँकरबाई शांतपणे, ‘दादा, आधी टीव्हीचा आवाज कमी करा’. लेक खदाखदा हसली, तिला वाटलं कॉमेडी शो आहे.

विषय तेल्या रोगाचा, म्हणजे डाळिंबावर तेलकट काळे डाग पडून फळ तडकतं तो. तज्ज्ञ त्यावर फवारायचं बोर्डो मिश्रण सांगत होते, एक टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं आणि तेही प्लास्टिकच्या भांड्यात. इकडे आप्पा सोफ्यावरून, ‘विळा सांग की, विळा!’ मला कळेना कसला विळा. तेवढ्यात टीव्हीवरचे म्हणाले की मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू परीक्षक तेच होते. खरं सांगते, आयटीत बारा वर्षं टेस्टिंग करते मी पण इतकी साधी आणि स्वस्त टेस्ट बघितली नव्हती. हे मी स्वतःहून कधी सर्च केलं असतं का? नाहीच.

मग सातच्या बातम्या. एकच निवेदिका, एका वेळी एकच माणूस बोलतोय, स्क्रीनवर आठ डोकी भांडत नाहीत. अर्ध्या बातम्या उद्घाटनं आणि बैठकांच्या असतात हे मान्य, त्यात मी भाजी फोडणीला टाकून आले. पण धरणात किती पाणी, पाऊस कुठे, हे नीट वाक्यात कळतं. आप्पांच्या कानात अजून प्रदीप भिडेंचाच आवाज, ते २०२२ ला गेले हे त्यांना माहीत आहे तरी दर वेळी ‘भिडे वाचायचे तसं नाही’ हे म्हणणारच. स्मिता पाटील पण सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची हे मी लेकीला सांगितलं, तिने विचारलं स्मिता पाटील कोण, म्हटलं जाऊ दे.

पुढे दोन खुर्च्या, मध्ये कुंडी आणि साहित्यावर गप्पा. माणसं विद्वान होती, मला पाच मिनिटांत झोप आली. असे कार्यक्रम आवडणारे असतील, मी त्यातली नाही.

नाट्यसंगीताची मैफल मात्र सॉलिड होती. इथे कॅमेरा उगाच उड्या मारत नाही. गायक तान घेतोय तर गायकच दिसतो, परीक्षकाच्या डोळ्यातलं पाणी मध्ये येत नाही, आणि तबलजीचा हात इतका वेळ जवळून दाखवला की लेक डायनिंग टेबलवर बोटं आपटून ठेका धरायला लागली. शेवटी टाळ्या, नमस्कार, संपलं. एसेमेस करा नाही, काही नाही.

त्यानंतर एक जुनं ब्लॅक अँड व्हाइट नाटक लागलं, स्टुडिओत शूट केलेलं. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शनचं केंद्र वरळीला सुरू झालं आणि रंग आले ते १९८२ ला, म्हणजे ही मधल्या दहा वर्षांतली चीज असणार. भिंती हलतात, दार लावलं की पडदा थरथरतो, पण बोलणं काय स्वच्छ, एक शब्द गिळत नाहीत. मी भांडी तशीच ठेवून बसले आणि नेमका गौप्यस्फोट व्हायच्या वेळी बाहेर धो धो पाऊस. छत्रीला येणारा केयू बँडचा सिग्नल जोराच्या पावसात कमी होतोच, नायिकेचे आधी चौकोन झाले, मग ती गायबच. आमची छत्री आग्नेयेला, घणसोलीच्या बाजूला तोंड करून आहे आणि काळं आभाळ बरोबर तिकडेच! पाऊस उघडेपर्यंत नाटक संपलेलं. नाटकातलं ते पत्र कुणी लिहिलं होतं ते अजून कळलेलं नाही, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा कापलाय गप्पांचा आणि एक पावसाचा, पण पावसाचा तुम्ही धरू नका. लहान मुलं आणि म्हातारी माणसं एकत्र असतील तर मधलं काही न बदलता सलग लावून बघा.

रविवारी नेट आलं, लेक परत मोबाईलमध्ये. आप्पांनी मात्र सकाळीच सह्याद्री लावलं आणि विळ्याचं सांगायला गावी धाकट्या भावाला फोन केला, स्पीकरवर, टीव्ही चालूच. दोन मिनिटं नुसतं हॅलो हॅलो, आणि मग पलीकडून काका ओरडले, ‘आप्पा, आदी त्या टीव्हीचा आवाज बारीक करा!’