आईचा तीन लिटरचा कुकर: म्युनिकमध्ये अकरा महिने वापरल्यावर

मागे एका शनिवारी रात्री नऊला कुकरची रिंग गेली. शिट्टी होईना, झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत बाहेर आणि डाळीचं पिवळं पाणी शेगडीच्या काचेवर. जर्मनीच्या या बव्हेरिया राज्यात दुकानं रात्री आठलाच बंद होतात, रविवारी तर उघडतच नाहीत. सोमवारपर्यंत डाळ पातेल्यातच शिजवली, तेव्हाच ठरवलं की या कुकरबद्दल नीट लिहायचं.

आतल्या झाकणाचा, अ‍ॅल्युमिनियमचा, घरोघरी असतो तोच. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सांगलीहून आणला. 23 किलोच्या बॅगेत दीड-दोन किलो यालाच कशाला, म्हणून निघायच्या आदल्या रात्री आईशी भांडलो होतो. आईचंच खरं होतं.

विद्यार्थी व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात. तिघांच्या फ्लॅटमधली खोली 640 ला, कारण वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर अजून लागलेला नाही. विमा 140 च्या पुढे, विद्यार्थ्यांचं प्रवासाचं सवलतीचं तिकीट 38 (2025 चा दर), आणि रेडिओ-टीव्हीची दर घरामागे 18.36 ची वर्गणी तिघांत वाटून. हातात राहतात दीडशे-एकशे साठ. भाजीपाला, फोन, साबण, केस कापणं, सगळं त्यातच.

इथे कुकर कामाला येतो. शिजवलेल्या छोल्यांचा डबा साधारण एक युरोला मिळतो, पाणी काढलं की हाती अडीचशे ग्रॅम. तुर्की दुकानातले अर्धा किलो कोरडे छोले दोन युरोला. रात्री भिजत घालून उकडले की किलोभराच्या वर भरतात. म्हणजे दोन युरोत चार डबे. पातेल्यात तासभर वीज जाळावी लागली असती तर यात राम नव्हता, कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. तूरडाळ भारतीय दुकानात महाग पडते, म्हणून आठवडाभर मसूर लावतो आणि तूर फक्त रविवारी.

काचेच्या शेगडीचा एक धडा: बटण बंद केलं तरी ती तापलेलीच राहते. घरच्या गॅससारखं तिसऱ्या शिट्टीला बंद करू नका, दुसरीलाच करा. तिसरी आपोआप होते. नाहीतर भाताचा गिचका.

सुरुवातीला मी सगळ्यांना सांगायचो, कुठलाही कुकर आणा. आता तसं सांगणार नाही. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियम तापतच नाही, आणि नवीन फ्लॅटमध्ये इंडक्शन निघालं तर कुकर माळ्यावर जाईल. इंडक्शनवर चालणारा स्टीलचाच आणा. शिवाय म्युनिकचं पाणी जड. कुकर आतून काळा पडतो, कडेला पांढरे क्षार धरतात. तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकली की पुष्कळ फरक पडतो.

पण खरा राग रिंगेवर आहे. सांगलीत कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात शे-दीडशे रुपयांत मिळणारी वस्तू. इथल्या दुकानदाराने बाहेरच्या झाकणाच्या कुकरची रिंग गळ्यात मारली आणि पाकीट फोडलं म्हणून परत घेईना. ऑनलाइन पाहिली तर पाठवण्याच्या खर्चासकट 14 युरो. माझा आठवड्याचा किराणा यापेक्षा फार जास्त नसतो! कंपनीला ईमेल केला, उत्तर आलं की भारताबाहेर सुटे भाग पाठवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत कुकर विकता, त्याच घरांतली मुलं आज जगभर शिकायला जातात, हे तुम्हाला ठाऊक नाही का? नवीन कुकरच्या खोक्यात एक जादा रिंग टाकायला असा किती खर्च येतो?

इथला जर्मन कुकर घ्यायचा तर शंभर युरोंच्या पुढे. किमान वेतन ताशी 12.82 (2025 चा दर), म्हणजे कमीत कमी आठेक तास काम, तेही कर-बिर धरला नाही तर. तो विचार तिथेच सोडला.

जुनी रिंग थंड पाण्यात ठेवून दोनदा कशीबशी चालवली, पण ताणून पाहिली तर एका जागी बारीक चीर दिसली. मग वापरली नाही. वाफेशी खेळ नको. ऑक्टोबरमध्ये मिरजेची एक मुलगी इथे शिकायला येतेय. तिच्या बॅगेतून आई तीन रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह पाठवणार आहे. तोवर मसूर पातेल्यातच.