जुनी सिनेमाची बुकलेटं: स्कॅन की लॅमिनेशन?

मावसभावाला आजोबांच्या ट्रंकेत थिएटरबाहेर विकायचे ती गाण्यांची बुकलेटं आणि नाटकांची हँडबिलं सापडलीयेत, आता विचारतोय लॅमिनेट करू का स्कॅन.

खर्च बघितला तर लॅमिनेशन स्वस्त, झेरॉक्सवाला दोन मिनिटांत करून देतो. पण टिकण्याचं म्हणशील तर तिथेच गोची आहे, कारण गरम रोलरमधून जाताना प्लास्टिकचा गोंद वितळून कागदात मुरतो आणि मग तो काही केल्या सुटत नाही, शिवाय कागदातलं ॲसिड आतच राहतं म्हणजे पिवळं पडणं चालूच. बुकलेटाच्या तर पिना काढून पानं सुटी करावी लागतात, जमवणारे लोक मग हातही लावत नाहीत त्याला.

स्कॅनला वेळ जातो. ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० बिंदू) ए४ रंगीत टिफ फाईल (दर्जा कमी न करता साठवलेलं चित्र) १०० एमबीच्या आसपास होते, आणि जुन्या छपाईचे ठिपके जाळीसारखे दिसले तर सेटिंगमध्ये डीस्क्रीन चालू कर. कॉपी दोन ठिकाणी ठेव, हार्ड डिस्कचा काय भरवसा!

दुकानात लावायला किंवा पोरांच्या हातात द्यायला हवं असेल तर स्कॅनची प्रिंट लॅमिनेट कर. एकाच हँडबिलाच्या ढीगभर प्रती असतील तर एखादी ओरिजिनल केलीस तरी चालेल. एकुलती एक असेल तर फक्त स्कॅन, आणि मूळ कागद पॉलिस्टरच्या पाकिटात, पीव्हीसीच्या नको.